हरवलेल्या ‘इन’चा शोध : लेखी इंग्रजीच्या एका ऑनलाइन वर्गाचे परीक्षण

विमा सर्वेक्षकाचे निम्मे काम जळालेल्या गोदामात चालते आणि उरलेले निम्मे इंग्रजीत. पंचनामा मराठीत होतो, मालकाचा जबाब मराठीत होतो, हमालांशी बोलणेही मराठीतच होते. पण विमा कंपनीला द्यायचा सर्व्हे रिपोर्ट इंग्रजीत लागतो आणि तो लिहिताना ‘ज्या गोदामात माल होता’, ‘ज्या ट्रकमधून माल आला’, ‘ज्या तारखेला आग लागली’ अशा रचना पानोपानी येतात. बारा वर्षे हे काम केल्यानंतर मागच्या पावसाळ्यात माझा एक अहवाल परत आला. त्यात मी ‘द गोडाउन इन दॅट द स्टॉक वॉज कीप्ट’ असे लिहिले होते. तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी ‘दॅट’भोवती लाल वर्तुळ काढले होते आणि शेजारी एक अक्षरही लिहिले नव्हते. मी ‘इन दॅट’ हे दोन्ही शब्द काढून ‘द गोडाउन द स्टॉक वॉज कीप्ट’ असे करून पाठवले, तेव्हा दुसरे वर्तुळ आले. या दोन वर्तुळांमध्ये नेमके काय चुकले हे मला सांगता येईना, म्हणून मी नोकरदारांसाठी चालणाऱ्या लेखी इंग्रजीच्या एका ऑनलाइन वर्गात नाव नोंदवले.

वर्ग आठ आठवड्यांचा होता, आठवड्यातून दोनदा संध्याकाळी साडेसात ते पावणेनऊ, आणि शुल्क साडेसहा हजार रुपये. आमच्या तुकडीत चौदा जण होते. त्यांत दोन सहकारी बँकांतले अधिकारी, एक औषध कंपनीतल्या रसायनतज्ज्ञ, एक निवृत्त शिक्षक आणि नोकरीसाठी आखातात राहणारे दोन तरुण अभियंते होते. आठांपैकी तीन आठवडे केवळ रिलेटिव्ह क्लॉज (म्हणजे ‘ज्या गोदामात माल होता’ यासारखे नामाला जोडलेले पोटवाक्य) या एका विषयाला दिलेले होते आणि त्यांतही भर होता तो प्रिपोझिशन (‘इन’, ‘ऑन’, ‘विथ’ असे शब्द) असलेल्या रचनांवर. मी वर्ग निवडला तो या तीन आठवड्यांसाठी, त्यामुळे हे परीक्षणही तेवढ्यापुरतेच आहे. खाली काही तक्रारी असल्याने संस्थेचे आणि शिकवणाऱ्या बाईंचे नाव मुद्दाम देत नाही.

पहिल्या तासाला बाईंनी नियम सांगितला तो असा, की प्रिपोझिशन पुढे आणायचे असेल तर त्याच्यामागून वस्तूसाठी ‘व्हिच’ आणि माणसासाठी ‘हूम’ येते. तिथे ‘दॅट’ चालत नाही, ‘हू’ चालत नाही आणि काहीच न ठेवणेही चालत नाही. प्रिपोझिशन क्रियापदामागे तसेच राहू दिले, तर मात्र पुढे ‘व्हिच’, ‘दॅट’, ‘हू’ यांपैकी काहीही चालते, किंवा सरळ मोकळी जागा सोडता येते. म्हणजे ‘द गोडाउन इन व्हिच द स्टॉक वॉज कीप्ट’ बरोबर, ‘द गोडाउन दॅट द स्टॉक वॉज कीप्ट इन’ बरोबर आणि ‘द गोडाउन द स्टॉक वॉज कीप्ट इन’ हेही बरोबर. माझी दोन वर्तुळे इथेच उलगडली. पहिल्या वेळी मी ‘इन’च्या मागे ‘दॅट’ ठेवले होते आणि दुसऱ्या वेळी ‘दॅट’बरोबर ‘इन’लाही हाकलून दिले होते. एवढे कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात सापडले असते, हे मी मान्य करते. साडेसहा हजारांचे मोल वसूल झाले ते दुसऱ्या तासाला.

त्या तासाला बाईंनी इंग्रजी बाजूला ठेवले आणि पडद्यावर एकच मराठी वाक्य लिहिले : ‘ज्या गोदामात माल ठेवला होता ते गोदाम जळाले.’ मग त्यांनी विचारले, की यातला ‘त’ जागेवरून हलवून दाखवा. कुणालाच ते जमले नाही. ‘ज्या गोदाम माल ठेवला होता त’ असे मराठीत म्हणताच येत नाही, कारण प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय यांना नामाला किंवा सर्वनामाला चिकटूनच राहावे लागते. ज्याच्याशी, ज्यावर, ज्यासाठी, ज्याच्याकडून, ज्यामुळे ही सगळी रूपे एकजीव आहेत. त्यामुळे इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाला ‘विथ हूम’, ‘ऑन व्हिच’, ‘फॉर व्हिच’ या रचना ओळखीच्या आणि सुरक्षित वाटतात, आणि वाक्याच्या शेवटी लोंबकळणारे ‘विथ’ किंवा ‘ऑन’ पाहिले की काहीतरी अर्धवट राहिल्यासारखे वाटते. आखातातल्या एका अभियंत्याने कबूल केले, की तो ब्रिटिश सहकाऱ्याला ‘द मॅन विथ हूम आय वॉज टॉकिंग’ असे म्हणाला तेव्हा सहकारी हसला होता आणि वाक्य तर व्याकरणशुद्ध होते, मग तो का हसला, हे त्याला आजवर कळले नव्हते.

एवढ्यावर कुणीही शिक्षक थांबला असता. बाईंनी लगेच त्याच आशयाचे दुसरे मराठी वाक्य लिहिले : ‘माल ठेवला होता ते गोदाम जळाले.’ आणि विचारले, ‘यातला “त” कुठे गेला?’

माझ्या मते संपूर्ण अभ्यासक्रमात यापेक्षा मोलाचा प्रश्न विचारला गेला नाही. मराठीत संबंध जोडण्याची एकच रीत नाही. ‘ज्या’ घेऊन येणारी रीत विभक्तीचा हिशेब चोख ठेवते. पण आपण बोलताना जी रीत जास्त वापरतो ती हा हिशेब सरळ सोडून देते. ‘आम्ही उतरलो होतो ते हॉटेल’, ‘आपण बोलत होतो तो विषय’, ‘मी काम करते ती कंपनी’, ‘मुले खेळतात ते मैदान’ या सगळ्या रचनांत ‘मध्ये’, ‘वर’, ‘विषयी’ हे काहीही उच्चारले जात नाही आणि ऐकणाऱ्याला त्याची उणीव भासतही नाही, कारण हॉटेलात उतरतात आणि मैदानावर खेळतात हे सर्वांनाच ठाऊक असते. ‘मी काम करत असलेली कंपनी’ या धातुसाधिताच्या रचनेतही तेच घडते. मराठी मन ही सवय इंग्रजीत घेऊन जाते आणि ‘द कंपनी आय वर्क’, ‘द हॉटेल वी स्टेड’, ‘द टॉपिक वी वेअर टॉकिंग’ अशी लंगडी वाक्ये तयार होतात. इंग्रजीला ही सूट मंजूर नाही. इंग्रजीत ‘आय वर्क’नंतरचे ‘फॉर’ बोलावेच लागते. ते पुढे बोलायचे की मागे, एवढेच आपल्या हाती असते.

म्हणजे आपल्या चुका दोन वेगवेगळ्या उगमांतून येतात. ‘ज्या’च्या रीतीने विचार केला की इंग्रजी शुद्ध पण ताठर होते, दुसऱ्या रीतीने केला की सहज वाटणारे पण चुकीचे होते. आणि घाबरून दोन्ही एकदम केले, की ‘द गोडाउन इन व्हिच द स्टॉक वॉज कीप्ट इन’ असे दोन कुलपांचे वाक्य जन्माला येते. बँकेतल्या एका अधिकाऱ्यांच्या पत्रांत हे दुहेरी ‘इन’ इतके नियमित होते, की बाईंनी त्यांना ‘तुम्ही तारणही दोनदा घेता का?’ असे विचारले. मी शाळेपासून इंग्रजी शिकले, पण माझ्या चुकांची मुळे माझ्याच भाषेत अशी बोट ठेवून कुणी दाखवली नव्हती.

यानंतर आलेली सरावाची पद्धत साधी आहे आणि मी आता ती रोज वापरते. आधी दोन सुटी वाक्ये लिहायची : ‘द ट्रक वॉज ओव्हरलोडेड. द गुड्स केम इन द ट्रक.’ दुसऱ्या वाक्यातला ‘द ट्रक’ कापायचा, उरलेले ‘द गुड्स केम इन’ पहिल्या वाक्यातल्या ‘द ट्रक’च्या मागे चिकटवायचे, की ‘द ट्रक द गुड्स केम इन वॉज ओव्हरलोडेड’ तयार होते. अहवालाला हे फार मोकळेढाकळे वाटले, तर ‘इन’ उचलून पुढे न्यायचे आणि त्याच्या मागे ‘व्हिच’ ठेवायचे. या पद्धतीत प्रिपोझिशन सुट्या वाक्यातच ठरते, त्यामुळे ते विसरत नाही आणि दोनदाही येत नाही.

हीच पद्धत आणखी एक दुखणे उघडे पाडते. आमच्यातल्या बहुतेकांनी ‘द मॅटर अबाउट व्हिच वी डिस्कस्ड’ असे लिहिले होते. दोन वाक्ये सुटी केली, की ‘वी डिस्कस्ड अबाउट द मॅटर’ समोर येते आणि दोष रिलेटिव्ह क्लॉजचा नसून क्रियापदाचा आहे हे लक्षात येते, कारण ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागतच नाही. आपण ‘विषयावर चर्चा’ करतो, त्या ‘वर’ची भरपाई इंग्रजीत करायला जातो. ‘व्हिजिट’ आणि ‘एम्फसाइज’ यांच्या बाबतीतही हाच प्रकार होतो. उलट ‘डिपेंड’ला ‘ऑन’ हवेच. कोणत्या क्रियापदाला कोणते प्रिपोझिशन, हे पाठ करण्याला पर्याय नाही असे बाईंनी स्पष्ट सांगितले, आणि खोटी आशा दाखवली नाही हे मला आवडले.

चौथ्या तासाला प्रश्न आला तो सगळ्यांच्या मनातला : वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन ठेवू नये असे शाळेत शिकवले होते, त्याचे काय? निवृत्त शिक्षक या मुद्द्यावर बराच वेळ अडून बसले आणि त्यामुळे आम्हाला एक छोटा इतिहास ऐकायला मिळाला. इंग्लंडमधला कवी जॉन ड्रायडन याने 1672 मध्ये बेन जॉन्सनच्या नाटकातल्या ‘फ्रॉम’ने संपणाऱ्या एका ओळीवर बोट ठेवले आणि हाच दोष आपल्याही लेखनात नुकताच आढळला असे कबूल केले. पुढे 1668 सालच्या आपल्या एका निबंधाची सुधारित आवृत्ती 1684 मध्ये काढताना त्याने शेवटची प्रिपोझिशने उचलून पुढे नेली. लॅटिनमध्ये अशी रचना होत नाही, आणि लॅटिन हाच त्या काळच्या विद्वानांचा मापदंड होता. रॉबर्ट लाउथ यांच्या 1762 च्या व्याकरणात भूमिका सौम्य झालेली दिसते : शेवटी प्रिपोझिशन ठेवण्याकडे इंग्रजीचा ओढाच आहे, नेहमीच्या बोलण्यात आणि घरगुती शैलीत ते शोभते, भारदस्त लेखनात मात्र ते आधी आणणे अधिक डौलदार, असे त्यांचे मत होते, आणि हे सांगताना त्यांनी स्वतःचेच वाक्य प्रिपोझिशनवर संपवले. नंतरच्या शाळामास्तरांनी यातला डौल विसरून त्याचा मनाई हुकूम केला. 1926 मध्ये इंग्रजी शब्दप्रयोगांचा कोश लिहिणाऱ्या फाउलर यांनी या मनाईची गणना जिवापाड जपलेल्या अंधश्रद्धांत केली, तरी आपल्याकडच्या शाळांत तो हुकूम अजून जारी आहे.

एक माहिती बाईंनी जाता जाता सांगितली आणि ती माझ्या कायमची लक्षात राहिली. प्रिपोझिशन ‘व्हिच’बरोबर पुढे ओढले जाण्याच्या या क्रियेला भाषाशास्त्रात ‘पाइड पायपिंग’ म्हणतात. जॉन रॉस या भाषाशास्त्रज्ञाने 1967 मध्ये एमआयटी या अमेरिकन विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात ही संज्ञा वापरली आणि ती सुचवण्याचे श्रेय रॉबिन लेकॉफ यांना दिले. हॅमेलिन गावच्या बासरीवाल्यामागून उंदीर निघाले, तसे ‘व्हिच’मागून बाकीचे शब्द निघतात, ही त्यामागची कल्पना. मराठीत बासरी वाजवायची गरजच पडत नाही. आपले उंदीर जन्मतः बासरीवाल्याच्या अंगरख्याला शिवलेले असतात. (हा विनोद माझा आहे, बाईंचा नाही. त्या हसल्या नाहीत.)

आता नैसर्गिकपणाचा प्रश्न, ज्यासाठी बहुतेक जण असा वर्ग शोधत असतील. बाईंचे सूत्र असे, की बोलताना, व्हॉट्सॲपवर आणि सहकाऱ्याच्या मेलमध्ये प्रिपोझिशन मागे ठेवावे आणि पुढची जागा मोकळी सोडावी : ‘द ड्रायव्हर आय स्पोक टू’. अहवालात, करारात आणि न्यायालयात जाणाऱ्या कागदावर ते पुढे आणावे : ‘द ड्रायव्हर टू हूम आय स्पोक’. दोहोंची सरमिसळ, म्हणजे ‘द ड्रायव्हर हूम आय स्पोक टू’, ही चूक नाही, पण कोट घालून पायात चपला घातल्यासारखी दिसते. हे सूत्र कामचलाऊ आहे, पण उपयोगी आहे. त्याला दोन्ही बाजूंनी अपवाद आहेत आणि खरे शिकणे त्या अपवादांत होते.

काही ठिकाणी प्रिपोझिशन पुढे नेताच येत नाही. विमा कंपनी दावा फेटाळते तेव्हा ‘द क्लेम दे टर्न्ड डाउन’ असे म्हणतात. ‘डाउन व्हिच दे टर्न्ड’ हे कोणत्याही काळातले इंग्रजी नाही, कारण इथे ‘डाउन’ हा क्रियापदाचाच अवयव आहे. ओळखण्याची खूण अशी, की ‘दे टर्न्ड द क्लेम डाउन’ असे कर्म मधे घालता येते, पण ‘आय स्पोक द ड्रायव्हर टू’ असे घालता येत नाही. कर्म मधे बसले, तर तो शब्द पुढे न्यायचा नाही. मधे बसले नाही म्हणून नेहमीच पुढे नेता येते असेही नाही : ‘लुक आफ्टर’मध्ये कर्म मधे बसत नाही, तरी ‘द चाइल्ड आफ्टर हूम शी लुक्ड’ वाचून इंग्रज माणूस गोंधळतो, मूल पुढे धावते आहे आणि ती मागून पाहते आहे असे त्याला वाटते.

उलट काही ठिकाणी मागे ठेवणे शोभत नाही, आणि माझ्या व्यवसायातली निम्मी वाक्ये याच गटात निघाली. यंत्राचे किती नुकसान झाले हे सांगताना ‘द एक्स्टेंट टू व्हिच द मशीन वॉज डॅमेज्ड’ असेच लिहावे लागते. ‘द मीटिंग ड्युरिंग व्हिच’, ‘द टेंपरेचर अबव्ह व्हिच’, ‘द मॅनर इन व्हिच’ या रचना मोडून त्यांतली प्रिपोझिशने मागे नेली, तर वाक्य कानाला खटकते. संख्या किंवा हिस्सा सांगणाऱ्या रचनाही तशाच : ‘फोर मशीन्स, टू ऑफ व्हिच वेअर न्यू’, ‘सिक्स वर्कर्स, नन ऑफ हूम वॉज इंज्युअर्ड’. आणि माझी सर्वांत आवडती रचना, ‘बाय व्हिच टाइम’. ‘अग्निशमन दलाची गाडी चार वाजून दहा मिनिटांनी पोहोचली आणि तोपर्यंत आग माळ्यापर्यंत गेली होती’ हे लिहिण्यासाठी मी वर्षानुवर्षे दोन वाक्ये खर्च करत होते. ‘बाय व्हिच टाइम द फायर हॅड रीच्ड द मेझनीन’ या एका जोडाने ते काम होते. मराठीतल्या ‘तोपर्यंत’चे हे इंग्रजी घर मला इतक्या उशिरा सापडले याचे वाईट वाटते.

स्वल्पविरामाला बाईंनी एकच तास दिला, पण त्या तासाची किंमत रुपयांत मोजता येते. ‘द बेल्स ऑन व्हिच वॉटर हॅड फॉलन वेअर डिस्कार्डेड’ याचा अर्थ असा, की ज्या गाठींवर पाणी पडले होते तेवढ्याच टाकून दिल्या, बाकीच्या शाबूत आहेत. हेच वाक्य ‘द बेल्स, ऑन व्हिच वॉटर हॅड फॉलन, वेअर डिस्कार्डेड’ असे दोन स्वल्पविराम घालून लिहिले, की सगळ्याच गाठींवर पाणी पडले होते आणि सगळ्याच टाकून दिल्या असे होते. कापसाच्या गोदामात या दोन अर्थांमधला फरक लाखांत जाऊ शकतो. मराठीतले ‘ज्या गाठींवर पाणी पडले होते त्या’ हे बहुधा पहिलाच अर्थ देते. दुसरा अर्थ हवा असेल तर आपण ‘गाठींवर पाणी पडले होते, म्हणून त्या’ असे वेगळे वाक्यच करतो. त्यामुळे स्वल्पविरामाकडे लक्ष देण्याची सवय आपल्याला नसते. स्वल्पविरामाच्या रचनेत ‘दॅट’ चालत नाही आणि मोकळी जागाही चालत नाही, हेही याच तासाला कळले. माझ्या मते या विषयाला किमान तीन तास हवे होते आणि ते इतिहासातून कापून घेतले असते, तरी निवृत्त शिक्षक सोडून कुणी तक्रार केली नसती.

मराठीचे बोट धरून शिकवण्याची आणखी एक चांगली जागा होती ‘बसायला खुर्ची’. ‘लिहायला पेन द्या’, ‘राहायला घर नाही’, ‘बोलायला कुणी नाही’ यांत आपल्याकडे ‘वर’, ‘ने’, ‘त’, ‘शी’ कुणीच उच्चारत नाही, म्हणून इंग्रजीतही ‘ए चेअर टू सिट’, ‘ए पेन टू राइट’ असे तोंडून जाते. इंग्रजीला ‘ए चेअर टू सिट ऑन’, ‘ए पेन टू राइट विथ’, ‘ए हाउस टू लिव्ह इन’, ‘समवन टू टॉक टू’ असेच लागते. भारदस्त रूप हवे असेल, तर ‘ए चेअर ऑन व्हिच टू सिट’ आहे; पण ‘ए चेअर व्हिच टू सिट ऑन’ मात्र अजिबात होत नाही. इथे मागचे प्रिपोझिशन हेच नैसर्गिक, हे एकदा कानाला पटले, की बाकीच्या रचनांतलाही संकोच कमी होतो. हा भाग सहाव्या तासाला आला. तो तिसऱ्या तासाला आला असता, तर शेवटच्या प्रिपोझिशनची भीती लवकर गेली असती.

आता तक्रारी. पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार स्वाध्यायाच्या ॲपबद्दल आहे. प्रत्येक तासानंतर वीस प्रश्न या ॲपवर सोडवायचे असतात आणि तेच गुण प्रमाणपत्रावर येतात. वर्गात बाई तीन-तीन बरोबर उत्तरे शिकवतात. ॲपला एकच माहीत आहे. मी ‘द गोडाउन द स्टॉक वॉज कीप्ट इन’ असे उत्तर दिले तेव्हा ॲपने ते लाल केले आणि ‘इन व्हिच’ हे बरोबर उत्तर म्हणून दाखवले. तिसरे लाल वर्तुळ, आणि या वेळी वाक्य बरोबर असताना! नैसर्गिक इंग्रजी शिकवण्याचा दावा करणाऱ्या अभ्यासक्रमाने नैसर्गिक उत्तराला शून्य गुण द्यावेत, हा प्रकार मला समजला नाही. कळवल्यावर बाईंनी दिलगिरी व्यक्त केली आणि गुण हाताने वाढवून दिले. पण ॲप बाहेरून विकत घेतलेले असल्याने उत्तरसूची आपल्याला बदलता येत नाही, असे त्यांनी सांगितले. मग गुण तरी त्यावर ठेवू नयेत.

दुसरी तक्रार छापील टिपणांची. वर्गात शिकवले त्याच्या निम्मेही त्यांत नाही, आणि एका पानावर ‘द प्लेस व्हेअर वी लिव्ह इन’ हे वाक्य नमुना म्हणून छापलेले आहे. ‘व्हेअर’मध्ये ‘इन’ आधीच सामावलेले असते, त्यामुळे ही तीच दोन कुलपांची चूक. दुसऱ्या तासाला इतक्या प्रेमाने उघडी पाडलेली चूक संस्थेच्याच कागदावर पाहून हसावे की रडावे कळेना.

तिसरी तक्रार वगळलेल्या भागाची. काही नामे अशी आहेत, की त्यांच्यामागून प्रिपोझिशन गाळले तरी इंग्रजी नैसर्गिकच राहते, किंबहुना जास्त नैसर्गिक होते : ‘द डे आय अराइव्हड’, ‘द इयर द पॉलिसी लॅप्स्ड’, ‘द वे ही स्पीक्स’, ‘द रीझन आय लेफ्ट’. इथे ‘द डे आय अराइव्हड ऑन’ म्हणायला गेलो तर उलट ओझे वाटते. म्हणजे ज्या मराठी सवयीबद्दल आम्हाला तीन आठवडे रागावले गेले, ती दिवस, वर्ष, रीत आणि कारण यांच्या दारात चालून जाते. हा भाग शिकवलाच गेला नाही. परिणाम असा झाला, की शेवटच्या आठवड्यात आमच्यातले काही जण प्रत्येक वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन शोधू लागले आणि एका बँक अधिकाऱ्यांनी ‘द रीझन ही डिफॉल्टेड फॉर’ असे लिहून दाखवले. त्यांना दोष देता येणार नाही.

किरकोळ गोष्टी अशा : ध्वनिमुद्रणे तीस दिवसांनी बंद होतात, हे नोंदणीच्या वेळी सांगितले गेले नव्हते. प्रश्न विचारण्याचा गट मात्र उत्तम चालतो. बाई रात्री साडेदहापर्यंतही उत्तर देतात. प्रत्येकाला दर आठवड्याला स्वतःच्या कामातले एक पान तपासून मिळते आणि ही सोय मला सर्वांत उपयोगी वाटली, कारण तिथे तपासणारा माणूस असतो आणि तीन बरोबर उत्तरे असू शकतात हे त्याला माहीत असते.

ज्यांना इंग्रजीत पत्रे, अहवाल, करार किंवा प्रबंध लिहावे लागतात आणि ज्यांची शालेय इंग्रजीची बैठक बरी आहे, त्यांनी हा वर्ग जरूर करावा. बोलण्याचा आत्मविश्वास हवा असणाऱ्यांनी इथे येऊ नये. सोळा तासांत मी तोंडाने फार तर पाच-सहा वाक्ये बोलले असेन. मराठीत विचार करण्याची लाज वाटणाऱ्यांनाही तो आवडणार नाही, कारण इथे अर्धा तास मराठीच फळ्यावर असते. पाचपैकी गुण द्यायचे झाले, तर शिकवण्याला मी साडेचार देईन, टिपणांना दोन आणि ॲपला एक.

पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होते. नाव नोंदवण्याआधी गुण ॲपवर ठरतात की तपासलेल्या पानांवर, हे विचारून घ्यावे, आणि ध्वनिमुद्रणे पहिल्या महिन्यातच पाहून संपवावीत. दुसऱ्या तासाचे तर दोनदा पाहावे.